लेसर वाढवला की स्पिन फिरतो, की अडकतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. तुमच्याकडे इंडियम आर्सेनाइडचे क्वांटम डॉट (एखाददुसरा इलेक्ट्रॉन धरून ठेवणारे अतिसूक्ष्म अर्धवाहक कण) आहेत, गॅलियम आर्सेनाइडच्या डायोडमध्ये वाढवलेले आणि 4 केल्विनवर थंड केलेले. व्होल्टेज लावून तुम्ही एका डॉटमध्ये एकच इलेक्ट्रॉन बसवता. चुंबकीय क्षेत्र नसताना लेसर रेझोनन्सवर, म्हणजे डॉटच्या स्वतःच्या वारंवारतेवर, आणला की डॉट छान उजळतो. वाढदिशेने (डायोडचे थर ज्या दिशेने वाढवले त्या दिशेने) अर्ध्या टेस्लाचं क्षेत्र लावलं की तोच सिग्नल जवळपास नाहीसा होतो. पॉवर वाढवून पाहिलीत, तेव्हा सिग्नल थोडा परत आला, पण सिग्नलची रेषा (लेसरची वारंवारता बदलत नेताना दिसणारं उजेडाचं शिखर) फुगली, आणि स्कॅनची दिशा उलटी केली की तिची जागाही सरकली. तुमचे गाईड म्हणतात, लेसरने इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याचा अंगभूत कोनीय संवेग, ‘वर’ किंवा ‘खाली’) एका अवस्थेत अडकवला. पेपरांत मात्र तुम्ही वाचता की जोरदार लेसरने स्पिन हवा तसा फिरवता येतो. मग पॉवर वाढवायची की कमी करायची?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पॉवर किती हा प्रश्न मात्र दुसरा येतो. पहिला प्रश्न असा की लेसर लावल्यावर ट्रायॉन (फोटॉन शोषल्यावर बनणारी डॉटची उत्तेजित अवस्था) खरोखर भरतो आहे, की लेसर त्याला नुसता स्पर्श करून परत येतो आहे. हे ठरलं की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं.

प्रकाशाचं विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनच्या प्रभाराला ढकलतं. स्पिनवर त्याचा थेट परिणाम नाही म्हटलं तरी चालेल. प्रकाशातल्या चुंबकीय भागाचा परिणाम इथे हिशेबात धरण्याइतकाही नसतो. तरी लेसरने स्पिन हलतो, तो ट्रायॉनच्या मध्यस्थीने. डॉटमध्ये आधीच एक इलेक्ट्रॉन असताना फोटॉन शोषला गेला की दोन इलेक्ट्रॉन आणि एक होल (व्हॅलन्स बँडमधून, म्हणजे खालच्या भरलेल्या पातळ्यांतून, इलेक्ट्रॉन उठल्यावर उरलेली रिकामी जागा) अशी अवस्था तयार होते, तो ट्रायॉन. त्यातल्या दोन इलेक्ट्रॉनचे स्पिन एकमेकांविरुद्ध जोडलेले असतात, त्यामुळे कोणता फोटॉन चालेल हे आधीच्या इलेक्ट्रॉनच्या स्पिनवर ठरतं. व्हॅलन्स बँडमधल्या स्पिन-कक्षा युतीमुळे होलकडे ठरावीक कोनीय संवेग असतो. म्हणून एका दिशेने फिरणारा वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश फक्त ‘वर’ स्पिनला ट्रायॉनपर्यंत नेतो आणि उलट फिरणारा फक्त ‘खाली’ स्पिनला. स्पिन आणि प्रकाश यांच्यातला सगळा व्यवहार याच नियमावर चालतो.

आता ‘जोरदार’ म्हणजे किती? मायक्रोवॅटचा आकडा सांगून याचं उत्तर मिळत नाही. तुमचं लेन्सिंग, डॉटची खोली, वरची अँटिना रचना, यावर तोच मायक्रोवॅट एका नमुन्यात सौम्य आणि दुसऱ्यात दांडगा ठरतो. मी नेहमी पॉवरचं रॅबी वारंवारतेत (लेसर डॉटला दोन अवस्थांमध्ये किती वेगाने मागेपुढे नेतो त्या मापात) रूपांतर करून घेते आणि मग ती कशाकशाच्या तुलनेत मोठी आहे ते पाहते. पहिली तुलना ट्रायॉनच्या आयुष्याशी. ते 0.7 नॅनोसेकंद धरलं तर नैसर्गिक रेषारुंदी सुमारे 230 मेगाहर्ट्झ येते, म्हणजे साधारण 1 मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट. रॅबी वारंवारता याच्या वर गेली की संक्रमण (एका अवस्थेतून दुसरीत जाणं) संपृक्त व्हायला लागतं, म्हणजे पॉवर वाढवूनही उजेड फारसा वाढत नाही. दुसरी तुलना झीमन फरकाशी, म्हणजे चुंबकीय क्षेत्रामुळे दोन स्पिनच्या ऊर्जांत पडणाऱ्या फरकाशी. अर्ध्या टेस्लाला दोन्ही स्पिनच्या संक्रमणांमधलं अंतर 10 गिगाहर्ट्झच्या आसपास असतं. नक्की आकडा तुमच्या डॉटच्या जी-घटकांवर (क्षेत्राला स्पिन किती प्रतिसाद देतो ते सांगणाऱ्या आकड्यांवर) अवलंबून आहे. तिसरी तुलना डीट्यूनिंगशी, म्हणजे लेसर रेझोनन्सपासून किती दूर आहे त्याच्याशी. चौथी फोनॉनशी (स्फटिकाच्या कंपनांशी), जिथे ऊर्जा मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात जाते. एकच लेसर पहिल्या मापाने प्रचंड आणि चौथ्या मापाने नगण्य असू शकतो, आणि स्पिनचं वागणं प्रत्येक उंबरठ्यावर बदलतं.

तुमच्या गायब सिग्नलबद्दल गाईडचं म्हणणं बरोबर आहे, हे स्पिन पंपिंगच. लेसर ‘वर’ स्पिनला ट्रायॉनमध्ये नेतो, ट्रायॉन फोटॉन टाकून बहुतेक वेळा ‘वर’लाच परत येतो. पण होलच्या अवस्थेत थोडी भेसळ असते आणि डॉटमधल्या अणुकेंद्रकांशीही युती असते, त्यामुळे शेकडो वेळांतून एखाद्या वेळी तो ‘खाली’ला उतरतो. ‘खाली’ला हा लेसर लागूच होत नाही, म्हणून इलेक्ट्रॉन तिथे बसून राहतो आणि डॉट अंधारतो. पाचशेत एक हे प्रमाण धरा. संपृक्त ट्रायॉन निम्मा वेळ भरलेला असतो, तेव्हा स्पिन अडकायला मायक्रोसेकंदापेक्षाही थोडा कमी वेळ लागतो. स्पिनला आपणहून उलटायला याच्या कित्येक पट वेळ लागत असेल, तर तुम्हाला फक्त अंधार दिसणार. झुरिकच्या ईटीएचमध्ये इमामोलू यांच्या गटाने 2006 मध्ये याच मार्गाने स्पिन जवळजवळ पूर्ण शुद्धतेने तयार करून दाखवला होता. म्हणजे तुमचा ‘बिघाड’ ही खरं तर प्रयोगाची पहिली यशस्वी पायरी आहे.

शून्य क्षेत्रात हे का होत नाही, हेही यातूनच उलगडतं. डॉटमध्ये हजारोंनी केंद्रकं असतात, साधारण 10 हजार ते 1 लाख, आणि इंडियम, गॅलियम, आर्सेनिक या तिघांच्याही स्थिर समस्थानिकांना शून्येतर स्पिन असतो. सगळ्यांचं मिळून काही दहा मिलिटेस्लाचं इकडेतिकडे डोलणारं क्षेत्र इलेक्ट्रॉनला जाणवतं. बाहेरचं क्षेत्र नसेल तर हेच क्षेत्र स्पिनला सतत उलटंपालटं करतं आणि अडकलेला इलेक्ट्रॉन लगेच सुटतो. अर्धा टेस्ला लावला की केंद्रकांचा हा आवाज दबतो आणि अडकणं टिकतं.

पॉवर वाढवल्यावर सिग्नल थोडा परत आला, त्याचा अर्थ ‘स्पिन फिरायला लागला’ असा घेऊ नका. पंपिंगचा वेग संपृक्त होतो, कारण ट्रायॉन निम्म्यापेक्षा जास्त वेळ भरलेला राहूच शकत नाही. पण तोच लेसर 10 गिगाहर्ट्झ दूर असलेल्या दुसऱ्या संक्रमणालाही हळूहळू ढकलू लागतो आणि ‘खाली’ अडकलेल्याला परत ‘वर’ आणतो. रॅबी वारंवारता 5 गिगाहर्ट्झ असेल आणि लेसर दोन्ही संक्रमणांना सारखाच लागू होत असेल, तर साधा हिशेब सांगतो की पूर्ण उजेडाच्या पाचव्या हिश्शाइतका सिग्नल परत यावा. म्हणजे लेसर स्वतःच केलेलं काम स्वतःच अर्धवट उलटवतो आहे. या मार्गाने आणखी पॉवर ओतलीत तर स्पिनची शुद्धताही जाईल आणि हाती सुसंगत, म्हणजे हवं तसं नियंत्रित, फिरणंही लागणार नाही. शिवाय परत आलेला सिग्नल डॉटचाच आहे ना, हे तपासा. परस्परलंब ध्रुवकांनी लेसर एक कोटी पटींनी दाबता येतो, पण डॉटचा उजेड संपृक्त होतो आणि लेसरची गळती मात्र पॉवरबरोबर सरळ रेषेत वाढतच जाते. व्होल्टेज बदलून डॉट रेझोनन्सबाहेर काढा आणि उरलेला उजेड वजा करा. त्याशिवाय या पॉवरला कोणत्याच आकड्यावर भरवसा ठेवू नये.

रेषा स्कॅनच्या दिशेने सरकते, तो केंद्रकांचा प्रताप. इलेक्ट्रॉनचा स्पिन पुन्हा पुन्हा उलटतो, तसा तो थोडाथोडा कोनीय संवेग केंद्रकांना देतो. केंद्रकांचं क्षेत्र बदलतं, त्याने झीमन फरक बदलतो, रेझोनन्स सरकतो, आणि तो सरकतो नेमका लेसरच्या मागे. रेषेला मग सपाट माथा येतो आणि कडेला ती एकदम कोसळते. पुढचा आणि मागचा स्कॅन एकमेकांवर बसत नाहीत. 2009 मध्ये हे अगदी स्वच्छ मोजलं गेलं. ओळखायची खूण सोपी आहे: तीच रेषा एकदा सावकाश आणि एकदा भराभर स्कॅन करा. सावकाश स्कॅनमध्ये सपाट माथा रुंद झाला तर ती पॉवरची रुंदी नव्हे, केंद्रकं लेसरमागे ओढली जात आहेत. अशा वक्राला लोरेन्झियन (नैसर्गिक रेषेचा ठरलेला आकार) बसवून रेषारुंदी काढलेली मी अनेक प्रबंधांत पाहते. तो आकडा डॉटबद्दल काहीच सांगत नाही.

रेझोनन्सवरच्या जोरदार लेसरचं आणखी एक रूप थोडक्यात सांगते. रॅबी वारंवारता रेषारुंदीच्या बरीच वर गेली की डॉट आणि प्रकाश मिळून नव्या, दुभंगलेल्या पातळ्या बनवतात, आणि बाहेर येणाऱ्या उजेडात तीन शिखरं दिसतात. भौतिकशास्त्रज्ञ मोलोने हे त्रिक 1969 मध्ये गणिताने दाखवलं होतं. क्वांटम डॉटमध्ये ते 2009 मध्ये दिसलं, आणि केंब्रिजच्या अताट्युरे यांच्या गटाने तेव्हा स्पिननुसार वेगळी केलेली रेझोनन्स प्रतिदीप्तीही मोजली. वरच्या उदाहरणातल्या 5 गिगाहर्ट्झला कडेची शिखरं मधल्यापासून सुमारे 20 मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्टवर येतील. साध्या ग्रेटिंग स्पेक्ट्रोमीटरला ती जेमतेम सुटतील, फॅब्री-पेरो (दोन आरशांचा, वारंवारता बारकाईने वेगळ्या करणारा फिल्टर) लावा. हे मोजून घेणं फार मोलाचं आहे, कारण पॉवर आणि रॅबी वारंवारता यांचं नातं इथून थेट हाती येतं.

आता फिरवण्याकडे वळू. स्पिन सुसंगतपणे फिरवायचा तर ट्रायॉन भरू द्यायचा नाही, कारण फोटॉन बाहेर पडला की स्पिनची माहिती त्याच्याबरोबर गेली. म्हणून लेसर रेझोनन्सपासून दूर न्यायचा आणि मगच जोर लावायचा. दूरचा लेसर ट्रायॉन भरत नाही, पण पातळ्या सरकवतो, हा ऑप्टिकल स्टार्क परिणाम. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश ‘वर’लाच लागू होतो, म्हणून ‘वर’ची ऊर्जा सरकते आणि ‘खाली’ची तशीच राहते. दोन स्पिनच्या ऊर्जेत फरक पडणं म्हणजे इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने प्रकाशाच्या दिशेने चुंबकीय क्षेत्र लागणंच. किती मोठं? 4 पिकोसेकंदांच्या लेसर-स्पंदाने (पल्सने) स्पिन पूर्ण उलटा करायचा तर 125 गिगाहर्ट्झचा फरक हवा. जी-घटक 0.5 असेल तर एका टेस्लाला 7 गिगाहर्ट्झ, म्हणजे हे सुमारे 18 टेस्लाचं क्षेत्र झालं, चार पिकोसेकंद टिकणारं. इतक्या वेगाने चालूबंद होणारं असं क्षेत्र कोणत्याही वेटोळ्यातून मिळणार नाही. जोरदार लेसरचं खरं सामर्थ्य मला इथे दिसतं.

पण हे क्षेत्र फक्त एका अक्षाभोवती फिरवतं. दुसरा अक्ष मिळवायला बाहेरचं क्षेत्र प्रकाशाला आडवं लावतात. स्पंद नसताना स्पिन त्या आडव्या क्षेत्राभोवती आपणहून फिरत राहतो, आणि दोन स्पंदांमधल्या वेळेवर हवी ती दिशा गाठता येते. 2008 मध्ये सांता बार्बराच्या ऑशलोम गटाने एकट्या स्पिनचं असं पिकोसेकंदी चालन दाखवलं आणि स्टॅनफर्डच्या यामामोटो गटाने पूर्ण नियंत्रण. आता तुमच्या लक्षात येईल की तुमच्या सध्याच्या मांडणीत हे का होणार नाही: तुमचं क्षेत्र वाढदिशेने, प्रकाशाला समांतर आहे. लेसर तिथे झीमन फरक कमीजास्त करील, स्पिनला उलटा करणार नाही. पॉवर दहापट करा की शंभरपट, अक्षच चुकीचा आहे.

माझं रोजचं काम स्पंदांऐवजी रामन पद्धतीने चालतं. सलग लेसर मायक्रोवेव्हने मॉड्युलेट करून त्याचे दोन बाजूबँड (मूळ वारंवारतेच्या दोन्ही बाजूंना उमटणाऱ्या वारंवारता) काढायचे, त्यांच्यातलं अंतर इलेक्ट्रॉनच्या झीमन फरकाइतकं ठेवायचं, क्षेत्र आडवं, आणि दोन्ही बाजूबँड ट्रायॉनपासून बरेच दूर. अक्ष मायक्रोवेव्हच्या कलेने (फेजने) बदलता येतो, ही मोठी सोय. इथे हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दोन्ही बाजूबँडची रॅबी वारंवारता 10 गिगाहर्ट्झ आणि डीट्यूनिंग 500 गिगाहर्ट्झ घ्या. स्पिनची रॅबी वारंवारता दोघांचा गुणाकार भागिले डीट्यूनिंगची दुप्पट, म्हणजे 100 मेगाहर्ट्झ. स्पिन 5 नॅनोसेकंदांत उलटतो. तेवढ्या वेळात ट्रायॉनचा नकोसा वाटा दहा हजारात दोनच्या आसपास, त्यातून सेकंदाला साधारण 3 लाख फोटॉन, म्हणजे एका उलटण्यामागे चूक हजारात दीड.

आता पॉवर चौपट करा. दोन्ही रॅबी वारंवारता दुप्पट होतात, स्पिन चौपट वेगाने फिरतो, फोटॉनही चौपट सुटतात, पण वेळ चौथा हिस्साच लागतो. एका उलटण्यामागची चूक तीच राहिली! फोटॉन सुटण्याची चूक डीट्यूनिंग वाढवून कमी होते, पॉवर वाढवून नव्हे. मग पॉवर कशासाठी? केंद्रकांशी शर्यत लावण्यासाठी. त्यांच्या डोलण्यामुळे मोकळ्या स्पिनची कला काही नॅनोसेकंदांतच हरवते, आणि फिरणं त्याच्या आत उरकलं पाहिजे. तुमच्या प्रश्नाचं मला देता येण्यासारखं सगळ्यात उपयोगी उत्तर हेच आहे: डीट्यूनिंग वाढवा म्हणजे ट्रायॉनपासून बचाव होतो, आणि त्याने मंदावलेला वेग पॉवर देऊन भरून काढा म्हणजे केंद्रकांपासून बचाव होतो. एकटी पॉवर वाढवून काही साधत नाही.

याला सीमा आहेत. डीट्यूनिंग कोणत्या बाजूला, हे बऱ्याचदा सांगितलंच जात नाही. मी तरी नेहमी लाल बाजूला, म्हणजे ट्रायॉनपेक्षा कमी ऊर्जेला ठेवते. 500 गिगाहर्ट्झ म्हणजे 2 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. निळ्या बाजूला असाल तर डॉट जादा ऊर्जा फोनॉनला देऊन खुशाल ट्रायॉनमध्ये जातो, आणि वरचा सगळा हिशेब कोलमडतो. लाल बाजूला तेवढी ऊर्जा फोनॉनकडून उसनी घ्यावी लागते, आणि 4 केल्विनला औष्णिक ऊर्जा असते फक्त 0.34 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. क्रायोस्टॅट 20 केल्विनचा असेल तर हा बचाव बराच लंगडा पडतो. पिकोसेकंदी स्पंदांत तर रॅबी ऊर्जाच फोनॉनच्या घरात पोचते. शेफिल्डच्या गटाने 2010 मध्ये दाखवलं की एक्सायटॉनच्या (इलेक्ट्रॉन-होल जोडीच्या) रॅबी आवर्तनांचा क्षय रॅबी वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शिवाय जोरदार लेसर आसपासच्या सापळ्यांतले प्रभार हलवतो, त्याने डॉटच सरकतो. हे प्रत्येक नमुन्यात वेगळं असतं, त्यासाठी मी सूत्र देऊ शकत नाही. लेसर चालू ठेवून स्पिन किती वेळ टिकतो ते मोजावंच लागतं. माझ्या अनुभवात तो वरच्या हिशेबापेक्षा कमीच भरतो.

एक बाजूची गोष्ट. 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना क्वांटम डॉटसाठीच मिळालं, पण टीव्हीच्या पडद्यांत जातात ते डॉट द्रावणात किंवा काचेत वाढलेल्या त्या कुळातले. शोध घेताना त्या साहित्यातले पॉवरचे आणि आयुष्याचे आकडे तुमच्या हाती लागतील. ते इथे वापरू नका.

आत्ता हातात असलेल्या मांडणीवर मी काय करीन? शून्य क्षेत्रात संपृक्तीचा वक्र काढून पॉवरची रॅबी वारंवारता बांधीन. मग अर्धा टेस्ला लावून व्होल्टेज आणि लेसर वारंवारता दोन्ही बदलत नकाशा काढीन. पंपिंग असेल तर एका इलेक्ट्रॉनच्या पट्ट्याच्या (ज्या व्होल्टेजना डॉटमध्ये एकच इलेक्ट्रॉन असतो त्या भागाच्या) मध्यभागी अंधार आणि दोन्ही टोकांना उजेड दिसेल. टोकांना इलेक्ट्रॉन डायोडमधल्या इलेक्ट्रॉनच्या साठ्याशी अदलाबदल करतो, त्यात स्पिन चटकन उलटतो आणि अडकणं टिकत नाही. ही खूण इतकी बोलकी आहे की तेवढ्यावरच निदान पक्कं मानायला हरकत नाही. तरी दुसरा लेसर मिळत असेल तर तो दुसऱ्या स्पिनच्या संक्रमणावर लावा, अगदी कमी पॉवरला. मधला अंधार उजळला की शंका उरत नाही. त्यानंतर चुंबक आडवा करायची सोय पाहा. आडव्या क्षेत्रात ट्रायॉन दोन्ही स्पिनला सारख्याच प्रमाणात उतरतो, त्यामुळे पंपिंग मायक्रोसेकंदावरून काही नॅनोसेकंदांवर येतं आणि तयारी, फिरवणं, वाचन हे सगळं एका चक्रात बसतं. त्याची किंमत अशी की एका वाचनात मिळणारे फोटॉनही तितकेच कमी होतात, म्हणून डिटेक्टरची कार्यक्षमता आधी तपासून घ्या.

डायोडमधला टनेल बॅरियर (डॉट आणि तो साठा यांच्यामधला थर) किती जाड आहे आणि चुंबक फिरवता येतो की नमुनाच वळवून बसवावा लागेल, हे कळवलंत तर आडव्या क्षेत्रासाठी सुरुवातीची पॉवर आणि डीट्यूनिंग किती ठेवावं याचा हिशेब करून देईन. बॅरियर फार पातळ असेल तर मध्यभागीही स्पिन टिकणार नाही, आणि मग लेसरवर वेळ घालवण्याआधी नमुनाच बदलावा लागेल.